फळवाटप आणि खंजिरी

दिवाळीच्या सुमारास आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दोन गोष्टी हमखास घडतात. शेतात कापसाची वेचणी सुरू होते आणि रुग्णालयांत फळवाटप सुरू होते. कापसाला भाव काय मिळेल हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. फळवाटपाचे छायाचित्र मात्र दुसऱ्या दिवशीच्या पेपरात यायचे ते येतेच. त्यात देणारे हात सात असतात, घेणारा एक असतो आणि त्या एकालाही बहुधा सलाईन लावलेले असते.

मी फळवाटपाच्या विरुद्ध नाही. ज्याला देण्याची बुद्धी होते त्याची थट्टा करू नये, कारण न देणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी मोठी आहे. पण लहान मुलांच्या एका वॉर्डात असे वाटप चालू असताना तिथल्या सिस्टरबाईंनी काढलेले शब्द माझ्या कानात बसले आहेत. पाहुण्यांपैकी एकाने एका बाळाच्या उशाशी केळी ठेवली, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, ते केळं त्याच्या मायले द्या जी. लेकराले सध्या मोजूनच दूध द्यायचं हाय." मूल दीड वर्षाचे असेल, दिसायला आठ महिन्यांचे. ते केळ्याकडे पाहत नव्हते, आईकडे पाहत नव्हते, कशाकडेच पाहत नव्हते. कुपोषण वजनकाट्यावर दिसते अशी आपली समजूत असते. ते डोळ्यांत अधिक दिसते. भुकेले मूल रडते. फार दिवस भुकेले राहिलेले मूल रडायचेही सोडून देते.

अशा मुलाला दिवाळीत काय द्यावे, हा या वेळचा विषय आहे.

झरी जामणी हा आमच्या जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचा तालुका. पलीकडे पैनगंगा, आणि पैनगंगेपलीकडे तेलंगणातला आदिलाबाद. वस्ती गोंड, परधान आणि कोलाम यांची पुष्कळ. कोलामांच्या वस्तीला पोड म्हणतात. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींची नोंद सरकारने विशेष असुरक्षित म्हणून केली आहे त्यांपैकी एक कोलाम. उरलेल्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. इथून यवतमाळ शहर शंभर किलोमीटरच्या आसपास. पोडावरचे मूल आजारी पडले की आधी उपकेंद्र, मग तालुक्याचा दवाखाना, आणि प्रकृती फारच खालावलेली असेल तर पांढरकवडा किंवा वणी करीत यवतमाळचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, असा त्याचा प्रवास होतो. या प्रवासात दर टप्प्याला औषधे वाढतात, यंत्रे वाढतात, डॉक्टर वाढतात. एकच गोष्ट कमी होत जाते. आईची भाषा समजणारे माणूस.

कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. एमेनो नावाच्या अमेरिकेतल्या भाषापंडिताने १९५५ साली तिचे व्याकरण आणि शब्दसंग्रह ग्रंथरूपाने छापला. आम्ही मराठीचे अध्यापक बोलीभाषांवर परिसंवाद पुष्कळ घेतो, आणि त्यात कोलामीला मराठीची बोली म्हणून मोकळे होणारे वक्तेही अधूनमधून भेटतात. असो. सांगायचा मुद्दा हा की कोलाम बाईला मराठी येते ती बाजारापुरती. भाव विचारता येतो, बस कुठली ते विचारता येते. आपल्या मुलाला रात्री काय होते, हे परक्या डॉक्टरला परक्या भाषेत सांगताना तिचे शब्द आटतात. मग ती मान हलवते, आणि कागदावर लिहिले जाते की आईने माहिती दिली.

अतिकुपोषित मुलांसाठी मोठ्या रुग्णालयांत पोषण पुनर्वसन केंद्र असते. मुलाने आईसह साधारण चौदा दिवस तिथे राहायचे. आईची मजुरी बुडते म्हणून भरपाई देण्याची तरतूद आहे. चौदा दिवस राहिले तर मूल वजन धरू लागते. पण पाचव्या-सहाव्या दिवशी खाट रिकामी दिसते. "पळून गेली," असे आपण म्हणतो, जणू काही चोरी करून गेली! घरी आणखी दोन मुले, वेचणीचे दिवस, नवरा एकटा, ही कारणे खरीच आहेत. पण दिवसभर एक अक्षर कोणाशी न बोलता, भिंतीकडे तोंड करून, न हसणाऱ्या मुलाला मांडीवर घेऊन बसायचे, हेही कारण आहे आणि माझ्या मते ते लहान नाही. बुडालेल्या मजुरीला सरकारी खात्यात सदर आहे. या एकटेपणाला नाही.

आता गंमत अशी की वैद्यकशास्त्राला हे ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अतिकुपोषित मुलांच्या उपचारासाठी १९९९ साली हस्तपुस्तिका काढली. तिच्यातल्या उपचारपद्धतीच्या दहा पायऱ्या डॉक्टर मंडळी पाठ म्हणतात. पहिली पायरी रक्तातली साखर, दुसरी शरीराची ऊब, तिसरी पाणी, मग क्षार, जंतुसंसर्ग, जीवनसत्त्वे, जपून सुरू केलेला आहार, मग भरपूर आहार. आणि नववी पायरी काय? मुलाच्या इंद्रियांना जाग आणणे आणि त्याला माया देणे. रोज पंधरा ते तीस मिनिटे ठरवून खेळ, आणि त्या खेळात स्थानिक गाणी, बोटांवरची गाणी. जिनिव्हात बसलेल्या तज्ज्ञांनी लिहिले आहे, स्थानिक गाणी! आपल्याकडे केंद्र सरकारने २०११ साली या मुलांच्या उपचाराच्या सूचना काढल्या त्यांतही खेळासाठी जागा आणि खेळणी सांगितलेली आहेत. पहिल्या आठ पायऱ्यांची औषधे भांडारातून मागवता येतात. नववीचे भांडार कुठे आहे हे कोणाला माहीत नसते. म्हणून ती वगळली जाते, आणि वगळली म्हणून कोणावर कारवाईही होत नाही.

कोणी म्हणेल, ज्याच्या पोटात अन्न नाही त्याला गाणे कसले? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर जमैकात मिळाले. किंग्स्टन येथील रुग्णालयात सॅली ग्रॅंथम-मॅकग्रेगर या डॉक्टर बाईंनी १९७०च्या दशकात अतिकुपोषित मुलांच्या एका गटाला औषध-आहाराबरोबर रोज खेळ दिला, आणि मुले घरी गेल्यावरही घरी जाऊन आयांना खेळ शिकवणे चालू ठेवले. ज्यांना नुसते औषध आणि आहार मिळाला होता त्यांच्यापेक्षा ही मुले बुद्धीच्या वाढीत पुढे निघाली. चौदा वर्षांनी तपासले तेव्हाही तो फरक पुरता पुसला गेला नव्हता. अन्नाने वजन भरून येते. मागे पडलेली समज नुसत्या अन्नाने भरून येत नाही.

संगीतोपचार हा शब्द अलीकडे आपल्याकडे फार चालतो, आणि चालणाऱ्या शब्दांत भेसळ व्हायचीच. अमुक राग ऐकला की रक्तदाब उतरतो, तमुक रागाने मधुमेह जातो, अशी कोष्टके मी पाहिली आहेत. त्यांवर माझा विश्वास नाही. आजारी मुलांचा संगीतोपचार हा या कोष्टकांपेक्षा साधा आणि जास्त कष्टाचा उद्योग आहे. पॉल नॉर्डॉफ हा अमेरिकन संगीतकार आणि क्लाइव्ह रॉबिन्स हा इंग्रज शिक्षक १९५९ च्या सुमारास एकत्र आले आणि मतिमंद, अबोल मुलांबरोबर काम करू लागले. त्यांची रीत अशी की मुलाला गाणे ऐकवायचे नाही, मुलाचे ऐकायचे. त्याने टेबलावर हात आपटला तर पियानो त्या ठेक्यावर चालायचा. ते किंचाळले तर त्या किंचाळीचा सूर धरून गाणे सुरू व्हायचे. मुलाला हळूहळू कळते की आपण काही केले की जगाकडून उत्तर येते. ज्या मुलाने जगाकडे पाहणेच सोडले आहे त्याच्या बाबतीत ही गोष्ट किती मोठी आहे, ते आई झालेल्या वाचक भगिनींना सांगायला नको.

आणखी एक प्रयोग सांगतो. २०१३ साली न्यूयॉर्कच्या जोआन लोई या संगीतोपचारक बाईंनी अकरा रुग्णालयांतल्या, दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या २७२ बालकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. लाकडी खोक्यावर बोटांनी वाजवलेला हृदयाच्या ठोक्यासारखा ठेका, धातूचे मणी भरलेल्या चकतीचा गर्भातल्यासारखा सळसळता आवाज, आणि आईबापांनी स्वतः निवडलेले, स्वतःच्या तोंडाने म्हटलेले गाणे, एवढीच साधने. बाळांच्या हृदयाचे ठोके निवले, झोप आणि दूध ओढणे सुधारले, आणि आईबापांची घालमेलही कमी झाली. या अभ्यासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट ही की गाणे घरचे होते. आई ज्या भाषेत झोपवते त्या भाषेतले.

म्हणजे झरीच्या पोडावरून आलेल्या बाईकडे मुख्य औषध आधीपासून आहे. तिला ते वॉर्डात काढायची लाज वाटते इतकेच. पंख्याखाली, पांढऱ्या चादरीवर, वीस अनोळखी माणसांदेखत कोलामीत गाणे म्हणायचे कसे? देणगीदाराचे काम इथे सुरू होते, आणि ते केळ्यांपेक्षा अवघड आहे. तिची लाज मोडेल अशी वस्तू द्यायची.

अशी वस्तू आमच्या विदर्भात शोधावी लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी खंजिरी घरोघर पोहोचवली. महाराज १९६८ साली गेले, पण गावोगावच्या भजनी मंडळांत खंजिरी आहेच. ती कोणाला शिकावी लागत नाही, एका हातात मावते, बसूनही वाजते. मात्र वॉर्डासाठी घ्यायची तर कातडी पुडीची घेऊ नये. कातडे पुसता येत नाही, ओले झाले की उतरते आणि त्यात जंतू राहतात. प्लास्टिकच्या पुडीची मिळते. ती साबणपाण्याने पुसता येते. तिच्या झांजा पक्क्या बसवलेल्या आहेत ना, हे दुकानातच ओढून पाहावे. दोन वर्षांचे मूल हाती आलेली वस्तू आधी तोंडात घालते आणि मग वाजवते, हा क्रम दुकानदाराला ठाऊक नसतो.

याच कारणाने सुट्या घुंगरांची लड नको. बासरी, पिपाणी, माउथ ऑर्गन असे फुंकून वाजवायचे काही देऊ नये. द्यायचे तर एकेका मुलाला कायमचे द्यावे, कारण एकाची थुंकी दुसऱ्याच्या तोंडात जाऊन चालत नाही. बटण दाबले की इंग्रजी गाणे म्हणणारी स्वस्त खेळणी तर मुळीच नकोत. त्यांच्यातली बटणाएवढी बॅटरी मुलाने गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. घरातली मोडकी खेळणी रुग्णालयाला देऊन घर आवरण्याची जी दिवाळीतली चाल आहे तीही सोडावी. तारा तुटलेली संवादिनी भंगारवाल्याला दिली तर तो चार पैसे तरी देतो. रुग्णालयाला दिली तर तिच्यासाठी एक कोपरा अडतो आणि तो कोपरा साफ करण्याचे काम त्या सिस्टरबाईंच्या माथी येते.

वाचकांपैकी संगीत जाणणारे इथे माझी चूक धरतील म्हणून सांगतो, संवादिनीला तारा नसतात हे मला ठाऊक आहे. पण देणगीत आलेल्या एका संवादिनीला भाता जागेवर राहावा म्हणून तारेने आवळलेले मी पाहिले आहे, आणि ती तारही तुटली होती.

खुळखुळे विकत घेण्याचेही कारण नाही. मघाच्या हस्तपुस्तिकेतच खेळणी घरी करण्याची कृती आहे. पारदर्शक प्लास्टिकच्या लहान बाटलीत रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या भरून झाकण डिंकाने घट्ट चिकटवले की खुळखुळा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा म्हणजे ढोल. आमच्या शाळा-महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले एका दुपारी असे पन्नास करतील. झाडे लावून फोटो काढण्यापेक्षा हे बरे, कारण ही रोपे निदान वाळत नाहीत.

मोठ्या मुलांचे आणखी वेगळे. सिकलसेल हा आमच्या भागातला आजार. गोंड, परधान, कोलाम आणि इतरही समाजांत तो पिढ्यानुपिढ्या चालत आला आहे. रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडे फोडून काढणारी कळ येते. नऊ-दहा वर्षांचे पोर वर्षातून पुन्हा पुन्हा त्याच वॉर्डात येते. त्याला खुळखुळा दिला तर ते तोंड फिरवील, आणि बरोबरच करील. त्याला शिकायला हवे. लहान कळफलकाचे वाद्य, किंवा चांगल्या स्थितीतली संवादिनी, आणि शिकवणारा कोणी असेल तर मागल्या खेपेला सोडलेले गाणे या खेपेला पुढे चालू होते. निदान दवाखान्यात येण्याला वेदनेखेरीज दुसरे एक नाव मिळते. सुई टोचतानाही संगीताचा उपयोग होतो, असे कॅनडातल्या एडमंटन येथे तीन ते अकरा वर्षांच्या ४२ मुलांवर केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. ज्यांना गाणी लावली त्यांची सुई लावणे सोपे गेले असे परिचारिकांनीच सांगितले. सिकलसेल गाण्याने जात नाही. त्याला रक्त लागते, औषध लागते, वेळेवर गाडी लागते. हे स्पष्ट लिहितो, नाहीतर उद्या कोणी औषधाच्या जागी खंजिरी ठेवायचा!

वस्तूंचे इतके सांगितले, पण खरी टंचाई वस्तूंची नाही. खंजिऱ्या पेटीत राहतात. किल्ली ज्यांच्याकडे असते त्यांची पाळी बदलते. पंधरा दिवसांनी पेटीवर रजिस्टरे येतात. आनंदवनात डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली उभा केलेला 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद ज्यांनी ऐकला आहे त्यांना वाद्य माणसाला काय देते ते सांगावे लागत नाही. पण तिथेही वाद्यांमागे रोजचा सराव आणि रोजची माणसे आहेत. वॉर्डाला हवे ते रोज दुपारी तीन वाजता अर्धा तास येणारे एक माणूस. कार्यक्रम करणारे नव्हे. ध्वनिक्षेपक लावून मुलांना दचकवणारे तर नव्हेच. चटई टाकून खाली बसणारे, एका आईला तुझे गाणे म्हण असे तिच्या भाषेत म्हणणारे, आणि ती म्हणू लागली की हळूच ठेका धरणारे. शिकलेला संगीतोपचारक झरीला येऊन राहील अशी आशा मी करीत नाही. पण कोलामी आणि गोंडी येणारी एखादी आशाताई, अंगणवाडीतून निवृत्त झालेली एखादी बाई या तालुक्यात सापडेल. तिला फुकट बोलावू नये. समाजसेवा बायकांनी फुकट करावी ही आपली जुनी खोड आहे. फळवाटपाच्या पैशांतून तिचे मानधन आणि एस.टी.चे भाडे द्यावे. देणगीतली ती सर्वांत उपयोगी रक्कम ठरेल. तिचा फोटो पेपरात येणार नाही हे खरे.

पुरुषांकडचे गाणेही विसरू नये. दिवाळीत गोंड-कोलामांची दंडार निघते. ढोल वाजत पथके या गावाहून त्या गावाला जातात. पैनगंगेपलीकडे याच दिवसांत मोरपिसांचे मुकुट घातलेले गुसाडी नाचतात. तिथल्या मारलवाईचे कनकराजू यांना या नृत्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. २०२४ च्या ऑक्टोबरात ते वारले. गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे परधान हे तर पिढीजात गायक. दिवाळीत पोडावर ढोल घुमत असतो आणि त्या पोडावरचे मूल यवतमाळच्या वॉर्डात ट्यूबलाइटकडे पाहत पडलेले असते. ढोल वॉर्डात नेता येत नाही, नेऊही नये. पण आवाज नेता येतो.

त्याला खर्चही फारसा नाही. मोबाइल कोणाकडे तरी असतोच. एक लहान, पुसता येण्याजोगा स्पीकर आणि एक मेमरी कार्ड पुरे. या दिवाळीत झरी तालुक्यातल्या एखाद्या पोडावर जाणे झाले तर तिथल्या आजीबाईंना विचारावे, कोणाचे लेकरू दवाखान्यात आहे का, आणि असले तर त्याच्यासाठी काही म्हणता का. त्यांची परवानगी घ्यावी. गाणे जगाला दाखवण्यासाठी नाही, त्या एका खाटेसाठी आहे, हे त्यांना सांगावे आणि पाळावे. कोणते गाणे कोणत्या पोडाचे आणि कोणत्या भाषेतले, ते चिठ्ठीवर लिहून ठेवावे, म्हणजे त्या पोडावरचे पुढचे मूल येईल तेव्हा सिस्टरबाईंना शोधता येईल. आवाज बेताचा ठेवावा, मूल झोपले की बंद करावा. आणि गाणे टिपताना मागे कोंबडा आरवला, शेळी ओरडली, कोणी पाण्याला हाक मारली, तर ते नीट करण्याच्या भरात कापून टाकू नये, राहू द्यावे.